माणूस आत, गाडी बाहेर

तासगावच्या अलीकडं रस्त्याला लागून एक सूतगिरणी आहे. तिच्या फाटकावर आक्काताई बनसोडे वॉचमन आहे. वॉचमनच म्हणतात तिला, बाईसाठी वेगळा शब्द कुणी शोधला नाही. नवरा गेल्यावर बरीच वर्षं तिनं शेडवर बेदाणा निवडला, मग इथं साडीवर खाकी सदरा चढवला. आवाज खणखणीत. कुणाला भिऊन फाटक उघडलं, असं तिच्या हातून कधी झालं नाही.

मागच्या साली गिरणीतला एक कामगार मोटारसायकलवरून घरी जाताना पुलाच्या कठड्याला धडकून गेला. डोक्यावर काही नव्हतं. त्याच आठवड्यात मॅनेजरसाहेबांनी फाटकावर पाटी लावली: हेल्मेट नसेल तर प्रवेश नाही. भोंगा वाजल्यावर येईल त्याचा खाडा, त्या दिवसाचा पगार नाही. पाटी साहेबांनी लावली, शिव्या मात्र आक्काताईच्या वाट्याला आल्या.

"आमचं डोकं, आमी बघू की. कंपनीला काय करायचंय?" दादासो म्हणायचा. दादासो मशिनवरचा जुना माणूस, चारजण त्याच्या शब्दाबाहेर नव्हते. एकदा तो बिनहेल्मेटचा आला आणि आक्काताईनं त्याला माघारी लावलं. त्याचा खाडा पडला. जाता जाता तो सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "आमाला आडवा. तुमच्या वस्तीतलं पोरगं आलं की मग बघू, पाटी दिसती का न्हाई ते."

तो बोल आक्काताईला लागला.

दुसऱ्याच दिवशी सकाळी कपिल आला, उघड्या डोक्यानं. कपिल म्हणजे तिच्या शेजारच्या रंगुबाईचा एकुलता एक. तासगावात दोन्ही घरांची भिंत एकच. हे पोरगं आक्काताईच्या अंगाखांद्यावर वाढलेलं.

"आत्ती, आईनं काल हेल्मेट आतनं धुतलंय. पत्र्यावर वाळाय टाकलंय, ध्यानातच ऱ्हायलं न्हाई. आजच्या दिवस सोड की."

आक्काताईनं त्याच्या मागं पाहिलं. गाड्यांची रांग लागली होती. रांगेत दादासो होता, आज हेल्मेट घालून. काच वर करून तो नुसता बघत होता.

"न्हाई जमायचं. घेऊन ये जा."

"खाडा पडंल गं!"

"भोंग्याला वेळ हाय अजून. जा, पळ!"

कपिलनं जागच्या जागी गाडी वळवली आणि धुरळा उडवत गेला. दादासो गुमान आत गेला. रांग सरली.

भोंगा वाजला. फाटक लावायची वेळ झाली तरी आक्काताईनं एक दार उघडंच ठेवलं. रस्त्यानं बेदाण्याचे ट्रॅक्टर चालले होते, एसटी गेली, शाळेची पोरं गेली. कपिल दिसेना. गाडीचा आवाज आला की ती पुढं व्हायची आणि दुसराच कुणी बघून मागं सरायची.

मग दुधाचा टेम्पो फाटकाशी करकचून थांबला. ड्रायव्हर ओरडला, "तुमच्या गिरणीचं पोरगं हाय का बघा! शेडाच्या वळणाला ट्रॅक्टर आडवा आला. डोस्क्याला लय लागलंय."

"हेल्मेट हुतं का डोक्यावर?" आक्काताईच्या तोंडून निघून गेलं.

"कुठलं हेल्मेट? तासगावाकडं जातानाच पडलाय त्यो."

फाटक तसंच टाकून ती टेम्पोत चढली. वळणावर कपिल एका म्हाताऱ्याच्या मांडीवर डोकं ठेवून पडला होता. डोक्याला बांधलेला टॉवेल लाल झालेला. ॲम्ब्युलन्समध्ये मिरजेपर्यंत तिनं तो टॉवेल दाबून धरला. कपिलनं डोळे उघडले नाहीत.

दुपारी रंगुबाई दवाखान्यात आली. रडली नाही, ओरडली नाही. आक्काताईसमोर उभी राहिली.

"तू माघारी लावलंस त्याला?"

"व्हय."

"हेल्मेटाबिगर त्याला आत सोडवत नव्हतं, मग हेल्मेटाबिगर रस्त्यावर कसं घातलंस, आक्का? डोकं तवाबी उघडंच हुतं की."

रंगुबाई भिंतीकडं तोंड करून बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत डॉक्टर नक्की काही सांगत नव्हते. आक्काताई दवाखान्यातनं थेट फाटकावर आली. बाहेर निम्मी पाळी उभी होती, एकाच्याही डोक्यावर हेल्मेट नव्हतं. हॉर्न वाजत होते. पुढं दादासो.

"पाटी काढा! नियमापायी पोरगं मरायला लागलंय!"

मॅनेजरसाहेब तिच्या कानाशी आले. "आक्काताई, चार दिवस सोडा सगळ्यांना. तापलीत माणसं."

"न्हाई साहेब." ती फाटकाला पाठ लावून उभी राहिली. "पाटी निघायची न्हाई."

एकच गिल्ला झाला. कुणीतरी फाटक गदागदा हलवलं. "पोराला तुमीच घालवलं!"

"व्हय, मीच." तिचा आवाज बसला होता, तरी गर्दी थबकली. "लोक काय म्हणतील म्हणून मी त्याला बोडक्या डोक्यानं परत पळीवलं. चूक माझी हाय, हेल्मेटाची न्हाई. आजपास्नं कुणाला माघारी धाडायचं न्हाई. हेल्मेट नसलं तर माणूस आत, गाडी बाहेर. चावी माझ्यापाशी. घरनं कुणी हेल्मेट आणून देऊ दे, न्हाईतर एसटीनं जावा. खाडा पडायचा न्हाई."

"खाड्याचं तुम्ही कसं ठरवता?" साहेब चिडले.

"मग फाटक तुमी सांभाळा." तिनं गळ्यातली शिट्टी काढून त्यांच्यापुढं धरली.

साहेबांनी शिट्टीकडं बघितलं, गर्दीकडं बघितलं. हात काही पुढं केला नाही. "बरं. महिनाभर बघू," म्हणाले.

आक्काताई दादासोसमोर गेली आणि हात पसरला. "द्या चावी."

"आन् न्हाई दिली तर?"

तिनं हात मागं घेतला नाही. बाहीवर कपिलच्या रक्ताचा डाग वाळून काळा पडला होता. दादासोची नजर त्याच्यावर गेली आणि तिथंच राहिली. मागं हॉर्न थांबले. त्यानं चावी उपसली आणि तिच्या तळव्यावर आपटली.

"लय आवघड बाई हाय," असं पुटपुटत तो आत गेला. त्याच्यामागं एकेकजण चावी टाकत गेला.

कपिल वाचला. जीभ वळायला मात्र वेळ लागला, साधं पाणी मागायचं तरी तो अडखळायचा. सुट्टीच्या दिवशी आक्काताई मिरजेला जायची. रंगुबाई तिला बसायला जागा द्यायची, बोलायची नाही. भिंतीवरनं इकडची भाजी तिकडं जायची, तेही थांबलं. गिरणीत पाटीवरनं अजून वाद होतात. डोकं ज्याचं त्याचं, असं म्हणणारे आहेतच. आक्काताई वाद घालत नाही, हात पसरते.

पावसाळा संपता संपता कपिल कामावर आला, एसटीनं. सोबत रंगुबाई होती. लेकाला घेऊन ती फाटकापर्यंत आली आणि कितीतरी दिवसांनी आक्काताईच्या डोळ्यांत बघून बोलली.

"डाव्या अंगानं हाक मारू नगंस त्याला. त्या कानानं ऐकू येत न्हाई."

"बरं," आक्काताई म्हणाली, आणि कपिलच्या उजव्या बाजूला जाऊन त्याला आत घेऊन गेली.