धाकटीचा खंदक

कुशनकाकूंना राग यायला कारण लागत नाही, असं गल्लीतले लोक म्हणतात. हे साफ खोटं आहे. कारण लागतं, फक्त जगात कारणांचा तुटवडा नसल्यामुळे ते शोधत फिरावं लागत नाही. काकू सोफ्याच्या कारखान्यात कव्हरं शिवतात. खाली फोम, वर जाड रेक्झिन, कोपऱ्यावर दुहेरी शिवण आणि शिवण संपली की तीन उलटे टाके, म्हणजे कुणी कितीही आपटून बसलं तरी उसवायचं नाव नको. त्यांचं कव्हर आजवर परत आलेलं नाही. आलं असतं, तर आणणाऱ्याचीच उलटतपासणी झाली असती.

अशा बाईच्या घरात शाळेचा प्रकल्प शिरला की काय होणार, हे सांगायला ज्योतिषी नको. हायस्कुलात नववीला जगाचा इतिहास असतो. वर्षाच्या सुरुवातीला इतिहासाचे सर एक छापील कागद वाटतात आणि त्यात विद्यार्थ्यांकडून काय अपेक्षा आहेत ते लिहिलेलं असतं. धडा आधी वाचून यावा. नकाशे स्वतः भरावेत. सनावळ्या घोकण्यापेक्षा कारणं समजून घ्यावीत. आणि सत्राच्या शेवटी एक प्रतिकृती करून आणावी, तिला वीस गुण. तळाला ठळक अक्षरांत: प्रकल्प विद्यार्थ्याने स्वतः करावा, घरच्यांनी मदत करू नये. त्याखाली पालकांची सही. सगळे पालक मुकाट सही करतात आणि पुठ्ठा आणायला बाहेर पडतात.

काकूंनीही केली होती. थोरला नववीत होता तेव्हा त्याला प्रकल्पाची आठवण झाली ती जमा करायच्या आदल्या संध्याकाळी. मग काकूंनी रोममधला तो गोल आखाडा, जिथे माणसांना सिंहांपुढे सोडत, तो फोम कापून उभा केला. पायऱ्या पायऱ्यांची बैठक, वर मलईरंगी रेक्झिन, कमानी हाताने शिवलेल्या. थोरला शेजारी बसून जांभया देत होता. त्याला एकोणीस गुण मिळाले. प्रदर्शनात लोक वाकून वाकून बघत होते आणि काकू बाजूला उभ्या राहून, आपला काही संबंध नसल्यासारखा चेहरा करून, सगळं कौतुक कानांत साठवत होत्या. खोटं कशाला बोला, त्यांना फार बरं वाटलं होतं.

धाकटी मात्र वेगळ्या मातीची निघाली. तिला पहिल्या महायुद्धातले खंदक मिळाले. पुस्तकात त्यावर एक ओळ होती: सैनिक खंदकांत राहून लढले. धाकटी म्हणाली, राहून म्हणजे काय? झोपत कुठे होते? पाऊस आला की काय करत होते? शाळेच्या ग्रंथालयातून तिने दोन जाडजूड पुस्तकं आणली आणि संध्याकाळी काकू मशीनवर बसल्या की ती मोठ्याने वाचू लागली. चिखलात आठवडे आठवडे उभं राहून माणसांचे पाय सडायचे, हे ऐकलं तेव्हा काकूंनी मशीन थांबवलं.

"आणि ह्यांना तिथे पाठवणारे कुठे बसले होते?" त्यांनी विचारलं.

धाकटीने तो प्रश्न जसाच्या तसा एका कार्डावर लिहिला आणि खोक्याला चिकटवला. खोकं चपलांचं होतं. आत प्लास्टिक, त्यावर खरी माती, काड्यांच्या भिंती, मोज्याच्या कापडाची इवलीशी पोती आणि तळाला पाणी. भिंती रोज थोड्या खचायच्या, ती रोज परत थापायची. काकूंचे हात शिवशिवत होते. दोन बोटं रेक्झिनची एक पट्टी लावली असती तर ते खोकं दगडासारखं उभं राहिलं असतं. पण मुलीने बजावलं होतं, आई, तू हात लावायचा नाहीस. मग काकू स्वयंपाकघरात जाऊन धुतलेली भांडी पुन्हा धूत बसायच्या.

प्रदर्शनाच्या दिवशी टेबलांवर पांढऱ्याशुभ्र चादरी होत्या. एकीवर दिवे लागणारं जहाज, ते कुणाच्या तरी मामाच्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंग होऊन आलेलं. दुसरीवर शिरच्छेदाचं यंत्र, सागवानी, पॉलिश केलेलं, त्याचं पातं खरोखर खाली यायचं. जहाजवाल्या मुलाला पाहुण्यांनी विचारलं, हे कुठून कुठे जात होतं, तर त्याने मामाकडे बघितलं. आणि धाकटीचं खोकं? त्यातून पाणी गळून चादरीवर डाग पडला म्हणून ते उचलून दाराआड जमिनीवर ठेवलं होतं, पायपुसण्याशेजारी.

खोक्याला लावलेल्या चिठ्ठीवर वीसपैकी सहा गुण. आणि शेरा: मांडणी अस्वच्छ, घरून लक्ष दिलेले दिसत नाही.

काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्यांनी सही करून मदत केली ते शुभ्र चादरीवर, आणि जिने सहीचा मान ठेवला ती दाराआड. चोर सोडून संन्याशाला फाशी देतात ती ही अशी. मदत करू नका म्हणून छापायचं आणि मदत केली नाही म्हणून गुण कापायचे, याला शाळा म्हणायचं की काय म्हणायचं? नवरा म्हणाला, जाऊ दे, सहा गुणांनी आकाश कोसळत नाही. त्याला त्या रात्री पोळी गार मिळाली.

पण खरी आग लागली ती धाकटीच्या बोलण्याने. ती रडली नाही, चिडली नाही. शांतपणे दप्तर भरता भरता म्हणाली, "पुढच्या सत्रात तूच कर, आई. मी टेबलामागे उभी राहीन."

गुण जाऊन परत येतात. स्वतः करायची ही हौस गेली असती तर परत आली नसती, एवढं काकूंना कळत होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी कारखान्यातून अर्ध्या दिवसाची सुट्टी घेतली आणि मुलीला घेऊन शाळा गाठली.

शिक्षकांच्या खोलीत सर तपासायच्या वह्यांच्या ढिगामागे बसले होते. बाहीवर खडूची पूड, चहा निवून साय धरलेला. माणूस वाईट नव्हता, नुसता दमलेला होता, आणि दमलेला माणूस डोळ्यांना जे स्वच्छ दिसतं त्यालाच गुण देतो. काकूंनी बसायच्या आधीच सुरुवात केली. तो छापील कागद, ती सही, ते जहाज, तो मामा, काहीच सोडलं नाही. सरांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, पालक मदत करतात हे मलाही दिसतं, पण सिद्ध कसं करणार? मी टेबलावर जे येतं त्याला गुण देतो. आणि विद्यार्थ्यांना जमत नाही असं मुळीच नाही.

एवढं बोलून ते उठले आणि भिंतीतलं काचेचं कपाट उघडलं.

"हे बघा, ताई. एका विद्यार्थ्याचंच काम आहे. कमी गुण मिळालेल्या मुलांना दर वर्षी हे दाखवतो मी. मनावर घेतलं तर पोरं काय करू शकतात बघा."

मलईरंगी आखाडा होता. शेवटच्या कमानीवर तीन उलटे टाके.

आपलेच दात आणि आपलेच ओठ. मुलीला ज्या मापाने मोजलं ते माप त्यांनी स्वतःच्या हाताने शिवून शाळेला दिलं होतं. इतक्या वर्षांत किती पोरांना या कपाटासमोर उभं करून सांगितलं असेल की असं करा, आणि किती पोरं घरी जाऊन आईला म्हणाली असतील, मला नाही जमणार, तू कर. मूग गिळून निघून जाता आलं असतं. थोरल्याची लाज राखली गेली असती, त्यांचीही.

"हे मी केलंय," काकू म्हणाल्या. "माझ्या थोरल्याने यातला एक टाका घातलेला नाही. आखाडा कुठल्या देशात होता हेही त्याला धड ठाऊक नव्हतं."

खोलीतल्या बाकीच्या शिक्षकांनी माना वर केल्या. सर कपाटाची कडी हातात धरून उभे राहिले. मग म्हणाले, "तेव्हा नाही आलात सांगायला."

ते खरं होतं, आणि ते खरं आहे याचाही काकूंना संताप आला.

"नाही आले. चुकले. आता त्याचे एकोणीस कापा आणि हिचे हिला द्या."

तसं करता येत नाही, सर म्हणाले, थोरला कधीच शाळा सोडून गेला आणि या सत्राचे गुण वरती पाठवून झाले आहेत. हे त्यांनी खाली बघत सांगितलं. काकूंचा आवाज चढणार, एवढ्यात प्रदर्शनाच्या खोलीतून खोकं उचलून आणायला गेलेली धाकटी ते छातीशी धरून पुढे आली. गणवेशावर गढूळ पाण्याचा ओघळ उतरला होता.

"सर, गुण सहाच राहू द्या," ती म्हणाली. "पण शेरा खोडा. घरून मदत मिळाली नाही, हे खरं आहे. लक्ष दिलं नाही, हे खोटं आहे. खंदकांवरची पुस्तकं मी रोज आईला वाचून दाखवलीत. कार्डावरचा प्रश्न तिचा आहे."

सरांनी वाकून कार्ड वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं. मग खिशातून पेन काढून त्यांनी शेऱ्याचा तेवढा भाग खोडला आणि शेजारी सही केली. अस्वच्छ हा शब्द तसाच राहिला. तो खरा होता, धाकटीने तक्रार केली नाही.

परतीच्या वाटेवर काकू धुसफुसतच होत्या. सहा म्हणजे काय, सहा. सागवानाला अठरा आणि मुलीच्या डोक्याला सहा. असल्या शाळेला कुलूप लावलं पाहिजे, आणि किल्ली त्या मामाच्या जहाजातून बुडवली पाहिजे. धाकटी ऐकत होती आणि खोक्यातलं पाणी सांडू नये म्हणून जपून चालत होती. कोपऱ्यावर थांबून ती म्हणाली, पुढच्या सत्रात वाफेचं इंजिन आहे, मला रिकामे डबे लागतील, आणि तू लांब बसून नुसतं ऐकायचं.

काकू म्हणाल्या, बसते.