मागचं चाक वाजतंय

आमच्या ह्यांचं नाव मी उखाण्याखेरीज कधी घेतलेलं नाही, आणि या वयात नवी सवय लावून घेण्याचा माझा विचार नाही. तेव्हा इथेही ते ‘हे’च राहतील. हे मुंबईला एका बॅरिस्टरसाहेबांकडे ड्रायव्हर होते आणि मी पोलादपूरच्या वर, आंबेनळी घाट उतरून संपतो तिथल्या वाडीत सासूबाईंजवळ. घरात आम्ही दोघीच. हे वर्षातून एकदा, शिमग्याला दहा दिवस यायचे. त्यातले दोन-तीन दिवस पालखीत जायचे, दोन भाऊबंदांच्या घरी, आणि उरलेल्या दिवसांत ते बहुतेक झोपलेले असायचे. लग्नाला चार वर्षं झाली होती. मला नवरा आहे एवढं ठाऊक होतं, पण त्याची पुरती ओळख झाली नव्हती.

त्या वर्षीचा शिमगा होऊन गेला होता. वैशाखातल्या एका गुरुवारी दुपारी मी अंगणात कुळीथ पाखडत बसले होते, तेव्हा घाटाच्या बाजूने घरघर ऐकू आली. दूर कुणी जातं ओढावं तशी. वळणावरून मोटार उतरताना दिसली. ठेंगणी, हिरवी, दोनच माणसं मावतील एवढी, वर छप्पर नाही. शर्यतीची मोटार म्हणतात तसली. आत हे एकटेच होते. पेट्रोल वाचावं म्हणून उतारावर त्यांनी इंजिन बंद केलेलं होतं आणि ऐकू येत होतं ते नुसतं चाक. मी सूप टाकून आत पळाले, कारण माझ्या केसांत फोलपटं होती.

साहेब उन्हाळ्यापुरते महाबळेश्वरला राहायला आले होते. गाडीची मागची दोन्ही बेअरिंगं गेली होती. बेअरिंग म्हणजे पोलादी गोळ्या भरलेली कडी. तिच्या आधाराने चाक फिरतं आणि ती झिजली की चाक असं घरघरतं. नवी बेअरिंगं मुंबईहून मागवून झाली होती. महाबळेश्वरात जागा नाही, घरी अंगण आहे, शेजारी लोहार आहे, त्याची अवजारं मिळतील, असं साहेबांना पटवून हे गाडी घेऊन आले होते. लोहाराकडे ते दोन दिवसांत एकदाही फिरकले नाहीत. लागतील ती सगळी अवजारं सीटखालच्या पेटीत होती. ते मी पाहिलं आणि मला फार बरं वाटलं.

साहेबांनी मुदत घातली होती ती मात्र खरी. शनिवारी दुपारच्या आत गाडी बंगल्यावर पोचली पाहिजे, नाही तर ते दुसरा ड्रायव्हर बघणार होते. सासूबाईंना हे सांगताना ह्यांनी हसण्यावारी नेलं, पण रात्री दोनदा उठून ते गाडी बघून आले. म्हणजे मला मिळाले होते गुरुवार आणि शुक्रवार. मला शनिवारसुद्धा हवा होता. नोकरी गेली तर जाऊ दे, असं मनात अगदी स्पष्ट आलं होतं, ते आता लपवण्यात अर्थ नाही.

गुरुवारीच पहिल्या चाकाला हात घातला. आधी कुठल्या बाजूचं जास्त बिघडलंय ते बघायचं होतं. गाडीत बसलं की वाऱ्यात आणि हादऱ्यात ते नीट कळत नाही म्हणे. म्हणून ह्यांनी मला रस्त्याच्या कडेला उभं केलं आणि वरच्या वळणापासून खाली ओढ्यावरच्या मोरीपर्यंत गाडी इंजिन बंद करून सोडली.

“कंचं गो?” खाली थांबून त्यांनी विचारलं.

“घराकडचं जास्त,” मी म्हटलं. “पण पलीकडचंबी वाजतंय.”

चाक काढून बघतात तर तसंच निघालं. हे माझ्याकडे अशा नजरेने बघायला लागले की जणू मी आत्ताच लग्न होऊन या घरात आले आहे.

नवं बेअरिंग थंड असताना आसाच्या नळीवर चढत नव्हतं. ते तेलात तापवायचं म्हणजे किंचित फुगतं, तेवढ्यात सरकवायचं, आणि निवलं की तिथेच घट्ट बसतं. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवतात त्यातलाच प्रकार, फक्त यात आच जास्त लागली तर पोलाद नरम पडतं आणि बेअरिंग फुकट जातं. कढई मागायला हे स्वयंपाकघराच्या दारात आले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “त्या मोटारीचं लोखंड माज्या कढईत नाय घालायचं.” शेवटी जुनी, कडा मोडलेली कढई आणि डबाभर खुरासणीचं तेल मिळालं. अंगणात तीन दगड मांडले आणि बेअरिंग तारेला टांगून तेलात सोडलं.

“धूर यायच्या आधी काढायचं,” हे म्हणाले. “पण किती आधी, त्याला मुंबईत मीटर हाय.”

मी म्हटलं, पुरीला लागतं त्याच्या बरंच अलीकडे ना? बोट पाण्यात बुडवून एक थेंब तेलात टाकला. तो नुसताच बुडाला. लाकूड पुढे सारलं, थोडं थांबले, दुसरा थेंब टाकला. तो तडतडला. “काढा आता.” ह्यांनी दोन्ही हातांना गोणपाट गुंडाळून बेअरिंग उचललं आणि ते नळीवर लोण्यासारखं सरकत गेलं. “एकदम फिट!” असं ते ओरडले, मुंबईच्या आवाजात. चार वर्षांत माझ्या स्वयंपाकालासुद्धा त्यांनी एवढी दाद दिली नव्हती.

पलीकडच्या चाकाने मात्र शुक्रवार सगळा खाल्ला. जुनं बेअरिंग गंजून बसलं होतं, ते निघेपर्यंत दुपार कलली. मग पुन्हा तेल, पुन्हा थेंब, पुन्हा गोणपाट. बेअरिंग बसलं, त्यावरचा मोठा नट आवळून झाला. नटाखाली पत्र्याची एक पातळ चकती असते. तिची कड हातोडीने ठोकून नटावर दुमडायची, म्हणजे नट फिरून सैल होत नाही. ह्यांनी हातोडी उचलली आणि सासूबाई तुळशीपाशी दिवा घेऊन आल्या.

“तिन्हीसांजेला ठोकाठोक बंद कर रे. लक्ष्मीची वेळ हाय.”

दिवा लागला की आमच्या घरात लोखंडावर लोखंड आपटायचं नाही, हा त्यांचा नेम होता. उखळसुद्धा तेव्हा थांबायचं. ह्यांनी हातोडी खाली ठेवली, हातपाय धुतले आणि जेवायला बसले. जेवण झाल्यावर अंगणात चिमणी धरून त्यांनी तुंबा, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो मधला गड्डा, बसवला, चाक लावलं, त्याचे नट पान्याने पिळून आवळले. ठोकायचं राहिलं ते राहिलंच. मी चिमणी धरून शेजारी उभी होते, पण माझं लक्ष त्यांच्या मानेकडे होतं.

शनिवारी सकाळी कोवळ्या उन्हात हे गाडी घेऊन वरच्या वळणावर गेले. मी रस्त्याच्या कडेला उभी राहिले. गाडी सुटली आणि माझ्या समोरून मोरीकडे गेली. टायरखाली खडी करकरली, तेवढाच काय तो आवाज. चाक अगदी गप्प होतं. काम चोख झालं होतं आणि त्यात माझाही हात होता, याचा मला मनापासून राग आला.

हे मोरीपाशी थांबून मागे वळून बघत होते. “वाजतंय काय गो?”

“वाजतंय,” मी म्हटलं. “जरासं. पलीकडचं.”

पलीकडचं मुद्दाम म्हटलं. घराकडच्या चाकाला अर्धा दिवस लागला होता, पलीकडच्याला अख्खा. एवढा हिशोब मी रात्रीच करून ठेवला होता. ह्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. त्यांनी सूर्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ऐकण्यात काही तरी चुकलं असेल, असं म्हणायला मी त्यांना वाव दिला असता. त्यांनी तो मागितला नाही. गाडी वर आणली, ओंडके लावले आणि पलीकडचं चाक काढायला बसले. मी घरात जाऊन विनाकारण चूल सारवली. खोटं बोलल्याचं मला वाईट वाटत नव्हतं. ते लगेच खरं मानलं गेलं, त्याचं वाटत होतं.

थोड्या वेळाने हाक आली. हाक कसली, नुसताच “अगो” असा घशातला आवाज. मी आणि सासूबाई दोघी बाहेर आलो. तुंबा काढून बाजूला ठेवलेला होता आणि हे उकिडवे बसून तो मोठा नट दोन बोटांनी फिरवत होते. काल पान्याने आवळलेला नट सकाळच्या एका फेरीत सैल होऊन बोटांनी फिरत होता. पत्र्याची कड सपाट, तशीच होती.

“हा घाटात निघाला असता,” ते म्हणाले. “तुंब्यासकट चाक गेलं असतं. वरच्या वळणांना कठडाबी नाय.”

सासूबाईंना नटाचं कळलं नाही, पण दरीचं कळलं. काल ठोकू नको म्हणणाऱ्या त्याच होत्या, हेही त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण त्या मटकन पायरीवर बसल्या. मग उठून मीठ-मोहऱ्या घेऊन आल्या आणि आधी लेकावरून, मग मोटारीच्या चाकावरून, आणि शेवटी माझ्यावरून ओवाळल्या. “पोरीचा कान तिखट हाय,” त्या म्हणाल्या. एवढ्या वर्षांत त्यांनी माझं केलेलं हे पहिलं कौतुक. मी खांबाला धरून उभी होते.

ह्यांनी नट पुन्हा आवळला आणि हातोडीचे तीन ठोके घालून कड दुमडली. मला वाटलं होतं तसा दिवस काही लागला नाही. अर्ध्या तासात चाक परत जागेवर होतं आणि गाडी वरच्या वळणावर.

ती पुन्हा माझ्या समोरून गेली. पुन्हा गप्प.

“आता?”

आता मी काय म्हटलं तरी त्यांनी मानलं असतं. चार दिवस गाडी उघडून ठेवली असती.

“नाय वाजत,” मी म्हटलं.

मग ते गेले. इंजिनाचा आवाज घाटात बराच वेळ वर चढत राहिला आणि तो थांबू नये म्हणून मी देवाला हात जोडून उभी होते. चारच दिवसांनी पोलादपूरला जाणाऱ्या एकाबरोबर निरोप आला की वेळेत पोचलो, साहेब खूश आहेत. पुढे कितीतरी वर्षं, मुंबईतसुद्धा, घरी कोणीही आलं की हे ती गोष्ट सांगायचे. “मला गाडीत बसून ऐकू आलं नाय, ते हिला रस्त्यावरून ऐकू आलं.” मी चहा आणायला उठायचे. खरं काय ते मी त्यांना अखेरपर्यंत सांगितलं नाही, आणि ते गेल्यावर हे लिहिते आहे.

पण ओळखलं कोणीच नाही असंही नाही. त्या शनिवारी गाडीचा आवाज विरल्यावर मी घरात आले, तर सासूबाई चुलीपाशी एका पातेल्यावरचं झाकण उचलून बघत होत्या. घावण्यांसाठी भिजत घातलेले तांदूळ होते.

“कधी भिजत घातलेस गो?”

“रातीच.”

त्यांनी तांदळात हात घातला, मूठभर वर काढले, परत सोडले. तांदूळ तिघांचे होते. आमच्याकडे घावणे दुपारच्या जेवणाला करतात, आणि लेक सकाळीच निघायचा होता हे घरात दोघींना माहीत होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पातेलं उचलून पाट्यापाशी नेलं, पदर खोचला आणि वाटायला बसल्या.

“मला वाटलं, तो ऱ्हावा म्हणणारी मीच एकटी,” त्या म्हणाल्या, आणि मला पाणी आणायला सांगितलं.