गाडीचं तोंड रस्त्याकडे

आत्या आधी मारायची आणि मग विचारायची. काय झालं, कोणी केलं, चूक कोणाची, हे सगळं नंतर. डहाणूच्या मासळी बाजारात तिला पाठीमागे सगळे ‘कोयता आत्या’ म्हणत. तोंडावर म्हणायची कोणाची टाप नव्हती. एकदा एका गिऱ्हाइकाने सुरमईच्या कल्ल्यात बोटं घातली, वास घेतला आणि वर नाक मुरडून ‘शिळी आहे’ म्हणाला. आत्याने तीच सुरमई शेपटीला धरून उचलली आणि फाडकन त्याच्या गालावर हाणली. चष्मा गेला गटारात. “आता सांग, ताजी का शिळी?” तो ताजी म्हणाला. आणि घेऊनही गेला बिचारा.

नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही, म्हणून ती आमच्याच घरी, म्हणजे तिच्या भावाकडे राहायची. मला आणि दादाला तिनेच वाढवलं, आणि धपाटेही तिनेच घातले. महालक्ष्मीच्या जत्रेत बांगड्या घेताना मी ‘कुठल्याही चालतील’ म्हटलं की पाठीत दणका बसायचा. “तोंड दिलंय ना देवानं? मग निवड!” मी रडत रडत लाल बांगड्या निवडायची आणि मग ती मला भजी खाऊ घालायची. बाई अशी, की रडवायची पण तीच आणि खाऊ पण तीच द्यायची.

बाजारात तिच्या पाटीसमोर कधीकधी एखादी बाई उकिडवी बसायची आणि मासे उगाच उलटेपालटे करायची. घ्यायची काहीच नाही. भाव न करता जी बाई बोंबील चाचपत बसते, तिला बोंबील नको असतात, हे आजूबाजूच्या सगळ्या कोळणींना ठाऊक होतं. त्या आपसूक मोठ्याने ओरडायला लागायच्या, म्हणजे हिचं बोलणं दुसऱ्या कोणाला ऐकू जाऊ नये. ती बाई मान खाली घालून आत्याच्या उजव्या कानाशी काहीतरी पुटपुटायची. आत्या फक्त विचारायची, “पोरगी कुठं दिलीय?” आणि दोन-चार दिवसांत ती पोरगी माहेरी आलेली असायची. आत्या तिला घेऊन यायची. कशी, ते मी सांगते, कारण पहिली मीच होते.

मला तलासरीच्या पुढे दिली होती. लाकडाची वखार, पक्कं घर, सगळं चांगलं. नवरा पट्ट्याने मारायचा आणि सासू तेवढ्यापुरता टीव्हीचा आवाज वाढवायची. मी घरी काही बोलले नव्हते. मला वाटायचं, सगळ्यांचं असंच असतं, चालेल. एक दिवस सकाळी आत्या पाटी घेऊन भेटायला आली. मी पाण्याचा तांब्या पुढे केला, माझी बाही वर सरकली. तिने पाणी पूर्ण प्यायलं. तांब्या खाली ठेवला. मग म्हणाली, “चप्पल घाल.” नवरा दारात आडवा उभा राहिला तशी तिने पाटीतला कोयता काढला आणि उलट्या बाजूने त्याच्या खांद्यावर असा हाणला, की हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

बाहेर रमणभाईचा मासळीचा टेम्पो उभा होता. आम्ही चढलो. रमणभाईने चावी फिरवली. घर्र घर्र घर्र. परत फिरवली. घर्र घर्र. डिझेलचं जुनं इंजिन, थंडीचे दिवस, ते काही धरेना. तोपर्यंत वखारीतले लोक फळ्या आणि सळया घेऊन धावत आले. समोरची काच फुटली. त्यांनी आत्याला केस धरून खाली ओढली आणि तिच्या डोक्यावर सळई बसली. एकाने मला दंडाला धरून घराकडे ओढत नेलं, अगदी उंबऱ्यापर्यंत. आत्या रक्तात न्हालेली उठली आणि त्याच्या हाताला कडकडून चावली. शेवटी रमणभाईने ब्रेक सोडला, टेम्पो उतारावरून तसाच घरंगळत निघाला आणि आम्ही मागे लोंबकळत चढलो. पुढच्या वळणावर मेलं ते इंजिन चालू झालं! आत्याचा डावा कान त्या दिवशी फाटला आणि त्यातून ऐकू येणं कायमचं बंद झालं. तेव्हापासून कोणाच्याही दारात गाडी लावायची म्हटलं की ती आधी ओरडायची, “उलटी घाल! तोंड रस्त्याकडे!” लग्नाला जायचं असलं तरी तेच.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे आमची गाडी. दादाची मुलगी पल्लवी लग्न होऊन त्याच बाजूला, तलासरीला गेली, तिच्या सासरच्यांचं हायवेजवळ फर्निचरचं दुकान. इकडे आम्ही घरात मोठी गाडी घ्यायची ठरवली. दादाच्या मनात प्लग-इन हायब्रिड होती. घरी प्लग लावून चार्ज करायची, बॅटरी संपली तर पेट्रोल आहेच. मला पूर्ण इलेक्ट्रिक हवी होती. “आपल्याकडे जरा वारा सुटला की लाइट जाते,” दादा म्हणायचा. “मग काय गाडीला बैल जुंपणार?” मी म्हणायची, “रोज डहाणू-बोर्डी, डहाणू-कोसबाड करायला किती लागतं रे?” महिनाभर जेवताना हेच. वहिनी आमटी वाढता वाढता म्हणाली, कुठलीही घ्या, चालेल. झालं! आत्याने तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की वहिनी पातेलं घेऊन आतच गेली.

मग आम्ही वापीला शोरूममध्ये गेलो आणि आत्यालाही नेलं. तिथला पोरगा गोड होता. “मासी, बेसो ने,” म्हणत त्याने तिला हायब्रिडमध्ये बसवलं. आत्याने बॉनेटवर थाप मारली, टायरला लाथ मारली आणि मागच्या सीटवर सरळ आडवी झाली. वर पाय घेऊन! पोरगा बघतच राहिला. “दोन जणी झोपतील,” ती उठत म्हणाली. “दारं एकदम बंद होतात का?” पोरगा हसून म्हणाला, “हो मासी, बच्चा लोकांसाठी सेफ.” मग तिने विचारलं, “निघते कशी?” दादा म्हणाला, ही पण बॅटरीवरच निघते, आत्या. “आणि बॅटरी उतरलेली असली तर?” “तर इंजिन आपोआप चालू होतं.”

“आपोआप!” आत्या एवढ्या जोरात ओरडली की काचेपलीकडचा मॅनेजर उठून उभा राहिला. “रमणभाईचा टेम्पो पण आपोआपच चालू व्हायचा!”

दादा चिडला. तो म्हणाला, तुझी इलेक्ट्रिक मध्येच संपली तर जागेवर उभी राहील, कळतंय का? आत्याने उजवा कान पुढे करून त्याचं सगळं ऐकून घेतलं. मग हळू आवाजात बोलली, आणि ती हळू बोलली की मला भीती वाटायची. “रस्त्यात उभी राहिली तर राहू दे. रस्त्यात मी उतरून मारामारी करीन. दारात उभी राहिली तर पोरगी परत आत जाते.” दादा म्हणाला, “कोणाची पोरगी? कसली पोरगी?” आत्या म्हणाली, “तुझी.”

तिथेच, त्या चकचकीत फरशीवर, दादाने तिच्यावर आवाज चढवला. माझी मुलगी सुखात आहे, रोज व्हिडिओ कॉल करते, तुला सगळीकडे तेच दिसतं. आत्याने त्याच्या गालावर एक ठेवून दिली. पन्नाशीचा माणूस, सगळ्या शोरूमसमोर. “व्हिडिओत ती खिडकीकडे पाठ करून का बसते रे? तोंड काळं दिसतं तिचं. असं कोण बसतं आईबापाशी बोलताना?” दादा गाल धरून उभा राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्याने त्या पोराला सांगितलं, इलेक्ट्रिक दाखव.

गाडी आली त्या आठवड्यात वादळी वारा सुटला आणि तारा तुटून आमच्या भागातली लाइट गेली. गाडीत थोडंच चार्जिंग उरलं होतं. दादा म्हणाला, लाइट आली की पल्लवीला भेटायला जाऊ. पण दुसऱ्या दिवशी सकाळी पल्लवीचा फोन आला आणि ती काही न बोलता फक्त श्वास घेत राहिली. पलीकडून कोणीतरी फोन ओढून घेतला. आत्याने कोयता बोंबलांच्या पिशवीत घातला आणि गाडीत जाऊन बसली.

अकराच्या सुमाराला आम्ही तलासरीला पोचलो. दादाने न सांगता गाडी उलटी घातली. मी आणि आत्या आत गेलो. पल्लवी स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी होती. कानामागचे केस मुळापासून उपटलेले, ओठ फाटलेला. आत्या म्हणाली, “चप्पल घाल.” अगदी त्याच आवाजात. जावई आडवा आला. त्याने “म्हातारे” एवढंच म्हटलं आणि कोयत्याची उलटी बाजू त्याच्या मनगटावर बसली. तो किंचाळला. सासऱ्याने आत्याचा अंबाडा पकडून तिला भिंतीवर आपटली. माझ्या हाताला कुकरचं झाकण लागलं. ते मी त्याच्या तोंडावर मारलं, परत मारलं, आणि त्याचे दात माझ्या पायाशी पडले तरी मारत राहिले. इतकी वर्षं ते मारणं माझ्या हातात होतं, मला ठाऊक नव्हतं. आत्यानेच माझा दंड धरला आणि ओढली. “बस! पोरगी घे!”

दुकानातली माणसं फळ्या घेऊन गाडीभोवती जमली होती. गाडी बंद आहे असं समजून एकजण बॉनेटला टेकून उभा होता. पल्लवीला मागे आडवी टाकली, तिच्यावर आत्या पालथी पडली, मी पुढे. दार लागलं आणि दादाने पाय दाबला. घर्र नाही, काही नाही. गाडी निघाली! तो टेकलेला माणूस धपकन बाजूला पडला. मागून फळी आली आणि मागची काच खळ्ळकन फुटून आत्याच्या पाठीवर सांडली, पण आम्ही फाटकाबाहेर होतो.

दादा सारखा चार्जिंगचा आकडा बघत होता आणि पुटपुटत होता, पुरेल का, पुरेल का. आत्याने मागूनच त्याच्या डोक्यात टपली मारली. “समोर बघ!” तिची साडी रक्ताने चिकट झाली होती. पल्लवी तिच्या खाली रडत होती, आणि आत्या माझ्याकडे बघून दात काढून हसली. “आवाज पण नाय केला गं हिने. मला वाटलं माझा दुसरा कान पण गेला.” त्या दिवशी आम्ही आधी दवाखान्यात आणि मग पोलीस ठाण्यात गेलो. गाडी पुरली. पोलीस ठाण्यातही तिने दादाला गाडी उलटी लावायला लावली.

पुढच्या वर्षी आत्या गेली. तीही कशी, तर दुपारी जेवून ओटीवर रिकाम्या पाटीला टेकून बसली आणि तशीच राहिली. जन्मभर आरडाओरडा केलेली बाई, जाताना हूं की चूं नाही. मला तिचा राग आला. मी तिला हलवून हलवून ओरडले, की मार ना मला, ऊठ आणि मार. कोळणींनी मला धरून बाजूला नेलं. त्या दिवशी अख्खा मासळी बाजार बंद होता आणि आमच्या दारात अशा कितीतरी बायका येऊन रडल्या, ज्यांना आम्ही कोणीच ओळखत नव्हतो.

तिचा जुना फोन आम्ही बंद केला नाही. तो मांडणीवर चार्जिंगला असतो. पल्लवी आता गाडी चालवायला शिकली आहे आणि तीच ती अंगणात उलटी लावते. परवा सकाळी तो फोन वाजला. मी उचलला. पलीकडे एक मुलगी होती, अगदी दबक्या आवाजात बोलत होती. “कोयता आत्या आहेत का?”

मी सांगितलं, ती आता नाही. मला वाटलं ही फोन ठेवणार. समोर पल्लवी उठून गाडीची चावी घेऊन उभी राहिली होती.

“फोन ठेवू नकोस,” मी म्हटलं. “मी तिची भाची. पत्ता सांग, आणि चप्पल घाल.”