बॉनेटवरचा हात

माझं काम काय, हे सांगायला गेलं की अर्धा तास जातो आणि शेवटी समोरचा विचारतोच, "म्हणजे नक्की करता काय?" तर ऐका. मी कारखान्यांत, बंदरांवर, गोदामांत जाते. तिथे जो माणूस एखादं काम चांगलं करतो त्याच्या मागे वही घेऊन उभी राहते. त्याचं काम पायऱ्या पाडून कागदावर उतरवते आणि नव्या माणसांना शिकवते. वेळ कुठे फुकट जातो, कोणाचा हात-पाय कुठे अडकून चेपेल, तेही शोधते. वीसेक वर्षं हेच चाललंय.

माझ्या बाबांच्या मते हे काम नव्हतंच. घरी पाहुणे आले की माझ्यादेखत म्हणायचे, "हिचं म्हणजे बोलाचीच कढी नि बोलाचाच भात. पगार तेवढा खरा हाय." पाहुणे हसायचे, मी आत जाऊन भांडी आपटायची. हाताखालच्या माणसाला 'चांगलं केलंस' असं कसं म्हणावं, हे मी मोठमोठ्या साहेबांना शिकवते, त्याचं वेगळं सत्र घेते. पण स्वतःच्या बापाकडून ते ऐकायला मला चाळिशी गाठावी लागली, आणि त्याची हाव मला शाळेत असल्यापासून होती.

बाबा आमच्या खाडीवरच्या फेरीबोटीवर गाड्या लावायचे. गाडी बोटीत उलटी घ्यावी लागते, म्हणजे पलीकडच्या धक्क्यावर ती सरळ बाहेर पडते. उतार ओला, शेवाळलेला, बोट हलती, आणि सुट्टीला आलेल्या मुंबईकरांना उलटी गाडी म्हटलं की घाम फुटतो. बाबा पुढून यायचे. एक हात शेजारी आधीच लावलेल्या गाडीवर, दुसरा हात येणाऱ्या गाडीच्या बॉनेटवर. बॉनेटवर एक थाप दिली की येऊ दे, दोन दिल्या की थांब. गाडी मागे सरकायची तसे तेही तिच्याबरोबर चालायचे, मधल्या फटीत अंग चोरून. त्यांच्या हाताखालून गेलेल्या गाडीला कधी ओरखडा आला नाही, हे अख्ख्या धक्क्याला ठाऊक होतं.

त्यांच्या निवृत्तीला वर्ष-दीड वर्ष राहिलं तेव्हा बोटीच्या ठेकेदाराने मलाच बोलावलं. म्हणाला, "ताई, तुमचे बाबा गेल्यावर आमचं कसं होणार? त्यांचं काम लिहून काढा आणि या चार-पाच जणांना तयार करा." मला केवढा आनंद झाला होता! आता बाबांना दिसेल मी काय करते ते.

चार दिवस मी त्यांच्या मागे धक्क्यावर उभी होते. आमच्या कागदावर तीन रकाने असतात: काय करायचं, कसं करायचं, का करायचं. पहिले दोन भरले. तिसऱ्यासाठी बाबांना विचारलं, "हात का ठेवता?"

"असाच."

"असाच कसा? काहीतरी कारण असेल ना."

"बाय, डोकं नको खाऊस. गाडी येतेय."

त्या चार दिवसांत ते माझ्यावर सारखे खेकसत होते. कामात लुडबुड झालेली कोणालाच आवडत नाही, असं मी समजून घेतलं. मग तिसरा रकाना मीच भरला. 'बॉनेटवर हात असला की चालकाला आधार वाटतो, तो घाबरत नाही, गाडी एका लयीत येते.' आपण काहीतरी फार खोल पकडलंय असं मला वाटत होतं.

शेवटच्या दिवशी तिकिटाच्या खिडकीपाशी बसून मी तो कागद त्यांना वाचून दाखवला. त्यांनी मान खाली घालून ऐकला. तिसरा रकाना आला तसं म्हणाले, "परत वाच." मी परत वाचला. त्यांनी खाडीकडे तोंड फिरवलं. मग म्हणाले, "बरोबर लिवलंस. चांगलं केलंस, बाय."

मी रडले. लाज कसली, रडले. त्या चार-पाच जणांना मी आठवडाभर तोच हात शिकवला. एक गाडीवर, एक बॉनेटवर, एक थाप, दोन थापा. बाबा निवृत्त झाले तरी बोटीवर तोच हात चालू राहिला.

पुढच्या वर्षी बाबा घरच्याच उंबऱ्यावर पडले. मी त्यांना बोर्लीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासलं, पुन्हा तपासलं आणि मला आत बोलावून सांगितलं की काचबिंदू आहे. समोरचं दिसतं, पण दोन्ही बाजूंचं दिसणं गेलंय आणि गेलेलं परत येत नाही. "हे आजचं नाही. चार-पाच वर्षं तरी यांना बाजूचं दिसत नसणार."

चार-पाच वर्षं! बाहेर बाकड्यावर बाबा चप्पल पायाने चाचपत होते आणि मला सगळं कळून चुकलं. दोन गाड्यांमधली फट त्यांना दिसतच नव्हती. ते ती हातांनी मोजत होते. दुनियेची कामं बारकाईने बघणारी मी, चार दिवस वही घेऊन आंधळेपणा टिपत बसले आणि त्याला कौशल्य म्हणून शिकवून आले. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

रिक्षात मी विचारलं. त्यांनी लपवलं नाही.

"तू वही घेऊन आलीस तवा वाटलं, संपलं. हिला कळणार. कळलं असतं तर मला बोटीवरून उतरवलं असतं. घरी बसून काय करू? तुझी आई पण न्हाय." मग म्हणाले, "तू वाचून दाखवलंस, तवा म्हटलं, पोरीनंच सोडवलं."

म्हणजे ते 'चांगलं केलंस' त्यासाठी होतं. मी रिक्षातच भांडले. तुमचा पाय गेला असता, कोणाचं मूल चिरडलं असतं, मी ते माणसांना शिकवलंय, माझ्या नावाची काही लाज? रिक्षावाला आरशातून बघत होता, पण मी थांबले नाही. नंतरही नाही. मी पनवेलला माझ्या घरी परतले आणि फोन करायची तो औषधाची चौकशी करायला. डोळ्यांत थेंब घातले का, हो घातले, ठेवते. पावसाळा असाच गेला. दिवाळीच्या आधी बाबा झोपेतच गेले.

आता मला त्यांचं खेकसणंसुद्धा हवंय. एकदा समोर बसावं, बोलाचीच कढी म्हणावं, पाहुण्यांना हसवावं. मी भांडी नाही आपटणार.

यंदा बोटीवर नवा ठेकेदार आला आणि कागद पुन्हा माझ्याकडे आला. सुरक्षेच्या दृष्टीने सुधारून द्या, म्हणाला. दोन गाड्यांच्या मध्ये माणूस उभा करणं हा धडधडीत धोका आहे. चालकाने घाबरून चुकीचा गिअर टाकला तर तो माणूस चेपलाच. दुसऱ्या कोणाच्या कागदावर ती हाताची ओळ असती तर मी एका मिनिटात कापली असती. इथे मला तीन दिवस लागले. ती काढली की बाबांचं खाडीवर काहीच उरणार नव्हतं. शेवटी काढली. लिहिलं की चालकाला दिसेल असं, सहा पावलं लांब उभं राहायचं, हातात पिवळी काठी, तोंडात शिट्टी, गाडीला स्पर्श करायचा नाही. धक्क्यावर जाऊन स्वतः शिकवून आले.

परवा गावाला जायला मीच गाडी घेऊन निघाले. उतारावर गाडी उलटी वळवली. समोर सहा पावलांवर बाबांच्या जागी आलेला माणूस होता, मीच दोन्ही वेळा शिकवलेला. शिट्टी स्वच्छ, काठीचा इशारा बरोबर, सगळं नियमाप्रमाणे. आणि माझा पाय ब्रेकवरून उचलेना. आरशात पाणी दिसत होतं, मागे किती जागा आहे ते कळत नव्हतं, आणि समोरचं बॉनेट रिकामं होतं. मला भीती वाटली, अगदी मुंबईकरांसारखी. तो तिसरा रकाना मी मनानेच भरला होता, पण त्यात खोटं काहीच नव्हतं. बाबांनी तो परत वाचायला लावला होता.

तो माणूस जवळ आला. "ताई, काय झालं? जागा भरपूर हाय."

मी काच खाली केली. "एकदा बॉनेटवर हात ठेवाल?"

तो ओशाळून हसला आणि त्याने दोन्ही हात मागे घेतले. "न्हाय ताई. आता न्हाय ठेवत. तुम्हीच शिकवलंय ना."

"बरोबर आहे," मी म्हटलं. "चांगलं केलंत."

तो सहा पावलं मागे गेला आणि त्याने शिट्टी वाजवली.