नंजम्मांच्या चुलीवरचं दूध

शालनताई खेरांच्या हातून दूध कधी उतू गेलं नाही. ही काही वर्तमानपत्रात छापण्यासारखी गोष्ट नव्हे, पण चामराजपेटेतल्या त्यांच्या गल्लीत तिचा बोलबाला होता. शेजारणीशी भांडण अगदी रंगात आलेलं असो की दारात पोस्टमन उभा असो, पातेल्यातलं दूध वर चढू लागलं की बाई असतील तिथून चुलीशी हजर. चुलीत दूध सांडलं की तिकडे गाईच्या सडाला चटका बसतो, असं वाईला आईनं त्यांच्या मनावर बिंबवलं होतं. रथसप्तमीला त्या अंगणात बोळक्यातलं दूध उतू घालायच्या खऱ्या, पण ते इतकं थोडं की सूर्यनारायणालाही संकोच वाटावा.

नवरा उपेंद्र विमानांच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन. माणूस सरळ, इतका की घरमालकानं 'जागा हवी' म्हणायचा अवकाश, हा ट्रंका बांधायला घ्यायचा. लग्न होऊन बंगळुरात आल्यापासून बिऱ्हाड किती वेळा हललं हे मोजणं शालनताईंनी सोडून दिलं होतं. एका मालकिणीला पाट्यावरच्या वाटण्याचा आवाज खपेना, दुसऱ्याला मुलीच्या लग्नासाठी खोल्या हव्या झाल्या. प्रत्येक ठिकाणी त्यांनी तुळस लावली आणि प्रत्येक ठिकाणी ती मागे राहिली. छप्पन सालच्या दिवाळीत त्यांनी जाहीर केलं, "आता तुळस लावीन ती स्वतःच्या अंगणात. नाहीतर लावायचीच नाही." उपेंद्रनं ते मनाला लावून घेतलं.

मल्लेश्वरमात एक जुनं घर विकाऊ आहे, ही बातमी त्याला कारखान्याच्या बसमध्येच लागली. प्लेगच्या साथीनंतर बांधलेलं, मंगलोरी कौलांचं, तांबड्या गुळगुळीत जमिनीचं. मागे विहीर, दोन नारळ आणि तुळशीला हवं तेवढं अंगण. कौलं दोन ठिकाणी गळत होती, संडास परसाच्या पार टोकाला होता आणि स्वयंपाकघर धुरानं काळंकुट्ट. म्हणून तर ते खेरांच्या आवाक्यात होतं. कारखाना तिथून शहराच्या दुसऱ्या टोकाला पडायचा. "बसमध्ये झोप तरी होईल," उपेंद्र म्हणाला. शालनताईंनी ते काळं स्वयंपाकघर पाहिलं, कोनाड्यात हात फिरवला आणि कुठे कुठला डबा राहील ते मनात ठरवूनही टाकलं.

मालकीण नंजम्मा, म्हाताऱ्या, एकट्या. भावाकडे हासनला कायमच्या जायचं म्हणून घर विकायला काढलेलं. चांगली पैसेवाली दोन गिऱ्हाइकं त्यांनी परत पाठवली होती, कारण दोघंही घर पाडून नवं बांधायला निघाले होते. खेरांना त्यांनी कॉफी दिली, खोदून खोदून विचारलं, आणि म्हणाल्या, "कागद नंतर. आमच्याकडे नव्या घरात आधी दूध उतू घालतात. शुक्रवारी माझ्या चुलीवर दूध ठेव. पूर्वेच्या बाजूनं उतू गेलं की घर तुझं. सरी?"

"सरी," शालनताई म्हणाल्या. त्यात अवघड ते काय?

शुक्रवारी शेजारच्या बायका रेशमी लुगडी नेसून आल्या. नव्या पितळी पातेल्याला हळदकुंकू लागलं, त्यात शेरभर दूध ओतलं गेलं. विधवेनं शुभकार्यात पुढे येऊ नये म्हणून नंजम्मा स्वयंपाकघराच्या दाराबाहेरच बसल्या. उपेंद्र अर्धी रजा काढून आलेला, कोट घालून भिंतीशी उभा. दूध तापलं, कडेनं बुडबुडे आले, साय फुगली, काठापर्यंत चढली. बायका हात जोडून पुढे सरकल्या, आणि शालनताईंनी झटकन पदरानं धरून पातेलं खाली उतरवलं.

"अय्यो!" कुणीतरी ओरडलं.

शालनताई खाली उतरवलेल्या पातेल्याकडे बघत राहिल्या. आपण हे काय करून बसलो ते कळायलाही त्यांना क्षण लागला. गेलं. कोनाडे, विहीर, अंगण, सगळं स्वतःच्या हातानं घालवलं. बायकांची कुजबुज सुरू झाली. उपेंद्रनं मान खाली घातली.

"अम्मा, तप्पायितु," त्या कशाबशा म्हणाल्या. "चुकले मी. हात आपोआप गेला. इतकं दूध वाया जाताना बघवेना हो."

नंजम्मा उठल्या. उंबरठा ओलांडून, बायकांना बाजूला सारत थेट चुलीशी आल्या. त्यांचा चेहरा बघून शालनताईंना वाटलं, आता पातेलं उचलून बाहेर जायला सांगणार. नंजम्मांनी पातेल्यात डोकावून पाहिलं आणि त्या हसायला लागल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"मला रात्र रात्र झोप नव्हती," त्या म्हणाल्या. "वाटायचं, हे लोकही कागद झाला की कुदळ लावतील. जिला दोन घोट दूध सोडवत नाही, ती माझं एक कौल तरी टाकेल का? घर तुझंच. पण देवाचं देवाला द्यायला हवं. ठेव ते परत चुलीवर."

पातेलं पुन्हा चढलं. साय फुगू लागली तसे शालनताईंचे हात पुन्हा पदराकडे वळले. तेव्हा नंजम्मांनी मागून त्यांची दोन्ही मनगटं घट्ट धरली. "स्वल्प थांब ग. जाऊ दे." दूध उतू गेलं, चुलीत चर्र झालं, धुराचा लोट उठला. पूर्वेच्याच बाजूनं गेलं, असं सगळ्या बायकांनी एकमुखानं सांगितलं. शालनताईंना मात्र काहीच दिसलं नाही. त्या घळाघळा रडत होत्या, आणि गाईची माफीही मागत होत्या.

त्याच आठवड्यात अंगणात तुळस लागली. पुढे दरवर्षी त्या दिवसाला नंजम्मा हासनहून बटाट्यांची पिशवी घेऊन यायच्या, कौलं मोजल्यासारखी निरखायच्या, आणि मग चुलीशी शालनताईंची मनगटं धरायच्या. दूध वर्षातून त्या एकाच दिवशी उतू जायचं.

चौसष्टच्या पावसाळ्यात नंजम्मा गेल्या. पुढे दूध उतू घालायचा तो दिवस आला तेव्हा शालनताईंनी नेमानं पातेलं ठेवलं. दूध वर चढू लागलं. त्यांनी हात मागे बांधून घेतले, ते सुटले. ओठ चावला, तरी हात पदराकडे निघालेच.

उपेंद्र कामाला जायच्या घाईत होता. स्वयंपाकघरात तो सहसा फिरकत नसे. त्या दिवशी त्यानं उंबऱ्यापाशी बूट काढले, आत आला, आणि मागून बायकोची मनगटं धरली.