प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली जोडी

गल्लीत त्याला ‘सूतभर’ म्हणतात. काचेच्या दुकानाच्या पाटीवर दुसरे नाव आहे, परंतु ते विचारले तर शेजारचा शिंपीही क्षणभर थबकतो. चौकट तीनदा मोजायची, काच कापायची आणि बसवताना ‘सूतभर जास्त झाली’ असे पुटपुटत कडेवरून पुन्हा दगड फिरवायचा, ही त्याची तीस वर्षांची रीत. चौकट तेवढीशी तिरकी ठोकणाऱ्या एका सुताराशी तो दोन वर्षे बोलला नव्हता. सुताराने त्यात काही गमावले असे मानल्याचे आढळत नाही.

एवढ्या काटेकोर माणसाने स्वतःच्या गाडीच्या टायरांबाबत जो गाढवपणा केला, तो म्हणूनच नोंदवून ठेवण्याजोगा आहे.

गाडी म्हणजे तीन चाकांची मोटरसायकल. लहानपणीच्या आजारात त्याचा डावा पाय आखूड राहिला. दोन चाकांवर थांबताना तो जमिनीला पुरत नाही. म्हणून मागचे एक चाक काढून तिथे आडवा आस आणि लहान मोटारीची दोन चाके बसवली आहेत. आसनामागे काचा उभ्या ठेवण्यासाठी दाबलेल्या लोकरीचा नमदा लावलेली लाकडी घोडी आहे. हा सारा आराखडा आपलाच, असे सूतभर सांगतो. ज्या कारखान्यात हे काम झाले तिथला कागद त्याच्याच फायलीत आहे. आराखड्याखाली सही कारखान्याच्या मिस्त्रीची आहे. सूतभरच्या अक्षरात फक्त एक ओळ सापडते : ‘रंग निळा ठेवावा.’

या गाडीवर रोज सकाळी त्याच्यामागे त्याची बायको बसते. ती रुग्णालयात परिचारिका आहे. घर चढावर, रुग्णालय खाली, आणि मध्ये एक उतार, ज्याच्या पायथ्याशी पाण्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह वर्षानुवर्षे गळतो. त्यामुळे तिथले वळण बारमाही ओले असते. एका सोमवारी त्या वळणावर गाडीचा मागचा भाग घसरत गेला आणि उजवे चाक भिंतीला घासून थांबले. बायकोचा डबा उभ्या ट्रकखाली गडगडला. ती उतरली, डबा काढला, झाकण नीट लावले आणि उरलेला रस्ता चालत गेली. संध्याकाळी परतल्यावर तिने टायर बदलेपर्यंत मागे बसणार नाही, एवढेच सांगितले. आवाज चढवला नाही, म्हणून सूतभरला वाटले की राग ओसरला आहे. पंचवीस वर्षांच्या संसारानंतर असे वाटणारा नवरा विरळाच म्हणावा लागेल.

दुसऱ्या दिवसापासून ती खरोखरच चालू लागली. सकाळी उतार, दिवसभर वॉर्डात उभे राहणे, संध्याकाळी तोच चढ. गुरुवारी तिचा उजवा गुडघा नारळाएवढा झाला. शुक्रवारी ती गुडघ्याला पट्टा बांधून निघाली आणि सूतभर रिकामी गाडी घेऊन तिच्यामागून माणसाच्या चालीने उतार उतरला. अख्ख्या गल्लीने ते पाहिले. आता काही करणे भाग होते.

पहिला सल्लागार म्हणून मेहुणा अवतरला. बायकोचा हा धाकटा भाऊ झेरॉक्सचे दुकान चालवतो. येणारा प्रत्येक कागद त्याच्या नजरेखालून जात असल्यामुळे जगातील सर्व विषय आपल्याला अवगत आहेत, असा त्याचा समज आहे. त्याने मागचे दोन्ही टायर न्याहाळले आणि उजव्याला भेगा पडल्यात, तेवढा एकच बदलावा, डावा अजून दोन वर्षे काढील, असा निर्वाळा दिला. सूतभर इथे मात्र बरोबर बोलला. एकाच आसावर एक नवा आणि एक झिजका टायर बसवला तर दोन्हींची उंची वेगळी होते, गाडी एका बाजूला ओढते. “एका चौकटीत दोन जाडीच्या काचा बसवतोस का तू?” त्याने विचारले. मेहुण्याने आयुष्यात काचच बसवलेली नव्हती, त्यामुळे तो गप्प राहिला. त्याच्या मौनाची एवढीच नोंद उपलब्ध आहे.

दुसरा जाणकार टायरवाला. त्याच्या दुकानावर ‘आपली सुरक्षा, आमचा ध्यास’ अशी पाटी आहे आणि टायर तपासण्याची त्याची पद्धत म्हणजे त्याला लाथ मारणे. त्याने जुन्या टायरावर नवे रबर चढवलेली एक जोडी पुढे केली. त्यांतल्या एकावरची नक्षी सरळ होती, दुसऱ्यावरची नागमोडी. जोडी कशी, असे विचारल्यावर तो म्हणाला की मागे कोण बघतो.

दोघांनाही झटकून सूतभर घरी आला तो विजयी मुद्रेने. काचेच्या गोदामात पत्र्याखालच्या माळ्यावर त्याचा ठेवा होता : प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले दोन टायर. एक दुकान बंद होत असताना, अकरा वर्षांपूर्वी, त्याने ते घेतले आणि ‘वेळेला’ म्हणून जपले. मधल्या काळात मागचे टायर एकदा बदलले गेले, तेव्हाही याने ही जोडी काढली नाही. तेवढी वेळ अजून आलेली नव्हती म्हणे. अंगणात आणून त्याने प्लॅस्टिक सोडले. कारखान्यातून येताना रबरावर असतात ती बारीक केसांसारखी टोके अजून शाबूत होती. त्याने ती बोटाने हलवून दाखवली, जणू नातवाचे जावळच.

“एक किलोमीटर चाललेले नाहीत,” तो बायकोला म्हणाला. “कोरे आहेत कोरे.”

बायको पट्टा बांधलेला पाय स्टुलावर ठेवून बसली होती. तिने चष्मा लावला आणि टायरच्या बाजूवर छापलेले सगळे ती वाचू लागली. रोज औषधाच्या कुप्यांवरील तारखा वाचणाऱ्या बाईला बारीक अक्षरांचे भय नसते. एका लंबगोलात चार आकडे होते. तिने तिथूनच टायरवाल्याला फोन लावून त्यांचा अर्थ विचारला. त्याने दोनदा विषय बदलला आणि मग सांगितले : पहिले दोन आकडे टायर बनला तो आठवडा, पुढचे दोन वर्ष. बायकोने हिशेब केला. सूतभरने घेतले त्याच्याही आधीची दोन वर्षे ते दुकानात पडून होते. एकूण तेरा.

सूतभरने हसून ते उडवून लावले. पडून राहिल्याने झीज होत नाही. झीज होते ती चालल्याने. बायको म्हणाली की सील न फोडलेली कुपी तारीख उलटल्यावर ती फेकून देते. त्यावर त्याने औषध वेगळे आणि रबर वेगळे, असे सुनावले. मेहुणाही दाजींच्या बाजूने मान हलवू लागला. ज्याचा सल्ला नुकताच धुडकावला गेला आहे, तो माणूस एवढा तत्पर का असतो, याचा अभ्यास व्हायला हवा.

बायको उठली, लंगडत गोदामात गेली आणि पुट्टीचा एक डबा घेऊन आली. काच चौकटीत पक्की बसवायची ती पुट्टी. डबा कारखान्याचा, झाकण सीलबंद, वर धुळीचा थर. तिने तो टायरवर ठेवला.

“हा पण कोरा आहे. उद्या शाळेच्या खिडक्या आहेत ना? हाच लावा.”

असा डबा उघडला की आत दगड निघतो, हे सूतभरइतके कुणाला ठाऊक नव्हते. सीलबंद पण जुनी पुट्टी वापरणाऱ्या एका काचवाल्याची त्याने भर बाजारात अब्रू काढली होती; ती गोष्ट सांगताना तो आजही उभा राहतो.

“अहो, लावा ना,” ती म्हणाली. “सील कुठे फोडलंय?”

त्याने टायर गुडघ्यावर घेतला आणि नक्षीच्या दोन खाचा अंगठ्यांनी फाकवल्या. तळाशी केसासारख्या भेगा होत्या, एकीला लागून दुसरी. नख दाबले तर रुतेना. पत्र्याखालच्या तेरा उन्हाळ्यांनी रबराचे लाकूड केले होते. हा हिशेब पुन्हा तपासता, पहिली दोन वर्षे दुकानात गेल्याने उन्हाळे तेराऐवजी अकराच धरावे लागतात. लाकूड व्हायला तेवढेही पुरले. ओल्या वळणावर हे टायर तिला भिंतीपर्यंत नव्हे, भिंतीत घेऊन गेले असते. हे वाक्य त्याचे नाही, नोंद ठेवणाऱ्याचे आहे. त्याने फक्त डबा उचलून बाजूला ठेवला.

नंतरचे वर्तन अपेक्षेप्रमाणे. शनिवारी त्याने टायरवाल्याचे डोके खाल्ले. एकाच मापाचे, एकाच नक्षीचे, वजन पेलण्याचा आकडा दोन्हींवर सारखा, आणि तारीख याच वर्षाची. काच पाहायचे भिंग लावून त्याने पाच टायर परत केले. टायरवाल्याने बाजूवर छापलेला हवेचा सर्वांत मोठा आकडा गाठेपर्यंत पंप मारला, तेव्हा सूतभरने त्याचा हात धरला. तो आकडा कमाल मर्यादेचा. मोटारीपेक्षा हलक्या या गाडीला तेवढी हवा म्हणजे टायर दगडासारखा. मग त्याने टायरवर आडवी खडूची रेघ ओढली, गाडी थोडी चालवली आणि रेघ पाहिली. मधलीच पुसली गेली, हवा जास्त. थोडी सोडली, पुन्हा रेघ. चौथ्या वेळी रेघ या कडेपासून त्या कडेपर्यंत सारखी पुसली. टायरवाल्याने हे सगळे पाहून एका टायरला सवयीने लाथ मारली.

‘जुन्या कोऱ्या’ टायरांचे काय करायचे, असा प्रश्न निघाला तेव्हा मेहुणा म्हणाला की त्याचे एक ओळखीचे गिऱ्हाईक घेईल. बायकोने स्वयंपाकघरातून सुरी आणली आणि दोन्हींच्या बाजू कापून टाकल्या.

सूतभर आता येणाऱ्या-जाणाऱ्याला चार आकड्यांचे रहस्य सांगतो. हा शोध आपल्याला पुट्टीवरून सुचला, असे तो म्हणतो. पुट्टीचा डबा कोणी आणला, याचा उल्लेख त्याच्या कथनात येत नाही.

सोमवारी सकाळी गाडी दाराशी उभी होती. बायको बाहेर आली, पट्टा बांधलेला गुडघा सांभाळत वाकली आणि दोन्ही टायरांवरचे आकडे वाचले. सूतभर इंजिन चालू ठेवून समोर पाहत राहिला. वाचून झाल्यावर ती मागे बसली आणि डबा मांडीवर घेतला.

“सूतभर पुढे सरका,” ती म्हणाली.

तो सरकला.