सुईबाईच्या मनगटावरची खूण

सुईबाई माणसाच्या तोंडाकडे आधी कधीच पाहायची नाही. समोरच्या बाईचा हात धरायची, मनगट उजेडाकडे वळवायची आणि विचारायची, "कोनाची लेक?" माझ्या कोऱ्या मनगटाकडे तिने पहिल्या दिवशी इतका वेळ पाहिलं, की मीच ओशाळले. "तुले तं कोनी वळखनार नाई, बाई," ती म्हणाली. कोण ओळखणार नाही, हे विचारायचं मला सुचलं नाही.

ऐंशीच्या दशकात मी धानोऱ्याला कापडावर ठसे छापण्याचा वर्ग चालवत होते. चंद्रपूरची, शिकून आलेली, अंगात वारं भरलेली. जंगलातल्या बायकांच्या अंगावरची गोंदणं साडीच्या काठावर आणायची, असा माझा बेत. सुईबाई गोंदणारी, तिचं खरं नाव कोणी घेत नसे. वर्गाच्या ओसरीत बसून ती बोटाने मातीत नक्षी काढायची, मी वहीत उतरवायची. माझं झालं की लगेच तळहाताने पुसायची. "उघडं ठिवू नये. कोनी येऊन उभं राह्यते," असं म्हणून माझ्या खांद्यामागे बघायची. मीही वळून पाहायची. मागे भिंतच असायची.

द्यायला तिचा हात सढळ. विंचू दिला, मासोळी दिली, डोंगरांची ओळ दिली. "हे सगळ्याईचं आहे, घे." अटी मात्र असत. "इच्चू पदरावर मांड. बुडाखाली नको, त्याचा मान जाते." मी हसले, तरी तसंच केलं, आणि साडी खरंच देखणी झाली. तिला सांगितलं तर "मंग? त्याले मालूम असते" म्हणत तिने तंबाखू मळायला घेतली.

फक्त डाव्या मनगटावरची खूण तिने दिली नाही. सात ठिपके आणि त्यांना वेढणारी एक तुटकी रेघ. "हे माह्या घरचं. माय आपल्या लेकीले देते. मेल्यावर तेच राह्यते संगं. माय घ्याले येते, मनगट पाह्यते, हात धरते आन् नेते." तिची आई ती लहान असतानाच गेली होती. चेहरा आठवत नव्हता, त्यामुळे सगळी भिस्त या खुणेवरच.

आमच्या घरात भुताखेतांना थारा नव्हता. वडिलांनी धम्म घेतल्यापासून अंगारे-धुपारेही बंद. शिवाय सुईबाईला लेक नव्हती. तिच्यामागे ही खूण बुडणार, ती मी वाचवतेय, असं मी स्वतःला बजावलं. चोराला सबबी बऱ्या सुचतात. एका दुपारी ओसरीत तिचा डोळा लागला, तेव्हा मी खूण उतरवून घेतली. शेवटचा ठिपका काढताना झोपेतच तिची बोटं अलगद मिटली, कोणाचा तरी हात धरावा तशी.

त्या खुणेचा ठसा कोरून बारा साड्या छापल्या. पहिली पुण्याच्या एका गिऱ्हाइकाला पोस्टाने गेली, उरलेल्या अकरा अंगणात बांबूवर वाळत होत्या. बाजाराला निघालेल्या दोन म्हाताऱ्या कुंपणाशी थबकल्या. डोक्यावरच्या टोपल्या उतरवून उभ्या राहिल्या, मयत जाताना थांबतात तशा. मग सुईबाई आली. ती ओरडली नाही. एकेका काठावर आपलं मनगट टेकवत शेवटपर्यंत गेली.

"किती केल्या?"

"बारा."

"म्हंजे आता आमी तेरा झालो. मायनं कोनाचा हात धरावा, बाई?"

मला एवढी भीती आयुष्यात पुन्हा वाटली नाही. अकरा साड्या आणि तो ठसा त्याच दिवशी तिच्यासमोर जाळले. पुण्याला साडी परत मागणारं पत्र टाकलं, उत्तर नाही. दुसरं टाकलं. दर बाजाराच्या दिवशी ती येऊन विचारायची, "आली का?" मी मान हलवायची. एकदा तिने विचारलं, "पुन्याची बाई चांगली आहे का? दारात कोनी आलं तं बसा म्हनते का?" मी म्हटलं, म्हणत असेल.

त्या पावसाळ्यात तापाने ती गेली. पंधरा दिवसांनी पुण्याहून पत्र आलं. साडी इतकी आवडली आहे, की परत द्यायचा प्रश्नच नाही, असं बाईंनी लिहिलं होतं. खाली आणखी काही ओळी होत्या. "गेल्या आठवड्यात तुम्ही कोणा तरुण बाईला पाठवलं होतं का? भर दुपारी दारात उभी होती. मी तीच साडी नेसले होते. तिच्या मनगटावर आपल्या काठातलीच नक्षी. माझा हात धरून म्हणाली, मी तुही माय, तुले घ्याले आली, चाल. मी सांगितलं, तुम्ही घर चुकलात, आणि दार लावून घेतलं. पुन्हा आली नाही."

ते पत्र घेऊन मी सुईबाईच्या नावाने उभ्या केलेल्या दगडापर्यंत गेले. तिला वाचून दाखवायचं धैर्य मात्र झालं नाही.